वडिलांना बहिणी किती?

सुगी आटोपली की आमच्या गावात घराण्यांच्या वंशावळी राखणारा हेळवी यायचा. सोबत बैल, बैलाच्या पाठीवर बोचकी आणि त्यातल्या एका बोचक्यात लाल फडक्यात बांधलेल्या वह्या. अंगणात बैल उभा राहिला की हेळवी घसा खाकरून आमच्या घराण्याची नावं म्हणायला सुरुवात करायचा. अमक्याचा अमका, त्याचे तीन ल्योक, त्यातल्या दुसऱ्याचा तमका. माझे वडील, आण्णा, तेवढा वेळ ओसरीवर ताठ बसायचे. एरवी ते असे बसलेले मला आठवत नाहीत. सगळ्यात शेवटी माझं नाव यायचं आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. एका वर्षी तिनं दारातूनच विचारलं, "आन् माझं नाव?" हेळवी हसला. "तुझं नाव तुझ्या सासरच्या वहीत, बाळ." मग सूपभर जोंधळे आणि आण्णांचं एक धोतर घेऊन तो पुढच्या दारात गेला.

हे मी विसरूनही गेलो होतो. आठवलं ते २०१९ साली, मुंबईत, एका हॉस्पिटलच्या आतल्या बाजूच्या छोट्या खोलीत. समोर पंचविशीतली एक मुलगी, आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारी तिथली कौन्सेलर, कोऱ्या कागदावर चौकोन आणि वर्तुळं काढत होती. तिनं अक्काला विचारलं, "तुमच्या वडिलांना बहिणी किती?"

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. अक्काच्या डाव्या स्तनात पहिली गाठ सापडली ती २०१४ मध्ये. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. आमच्याकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन, केमो, रेडिएशन असं सगळं रीतसर झालं. सर्जन कामाला चोख होते, त्यांनी तिचा जीव वाचवला, आणि पुढं जे लिहितोय त्यात हे विसरायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता? आईला, मावशीला, बहिणीला?" अक्का म्हणाली, नाही. खरंच नव्हता. आईच्या माहेरच्या बायका ऐंशी ओलांडूनही चुलीपुढं बसून भाकरी थापतात. केसपेपरवर फॅमिली हिस्टरीच्या पुढं 'निल' लिहिलं गेलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो आणि मीही मान हलवली होती.

पाच वर्षांनी उजव्या बाजूला गाठ आली. जुनाच पसरला, असं धरून आम्ही घरात रडून घेतलं. बायोप्सीनं सांगितलं की पसरलेला नाही, हा नवा आहे, दुसराच. मुंबईतल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, "यांची जेनेटिक टेस्ट कधीच झाली नाही?" आवाज असा, की बीपी कधीच बघितलं नाही का, असं विचारावं. मग त्यांनी आम्हाला त्या आतल्या खोलीत पाठवलं.

चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. ज्याला कॅन्सर झाला त्याची आकृती काळी करायची. जो गेला त्याच्यावर तिरपी रेघ. अक्काच्या वर्तुळाला बाण. आईची बाजू पाच मिनिटांत झाली, सगळी वर्तुळं पांढरी. मग कौन्सेलर मॅडम वडिलांच्या बाजूला वळल्या आणि मी म्हणालो, "आण्णांच्या घराण्यात कुणाला नाही." हे वाक्य माझं नव्हतं, आण्णांचं होतं. २००८ साली प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरून ते गेले, तरी शेवटपर्यंत ते हेच म्हणत होते. स्वतःच्या दुखण्याला ते 'लघवीचा त्रास' म्हणायचे.

"वडिलांना बहिणी किती?"

"तीन."

"कशानं गेल्या?"

थोरली आत्या गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिचं पोट वाढलं होतं. सत्तेचाळीसाव्या वर्षी बाईचं पोट वाढलं तर गाव काय बोलतं ते तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. मग करणी झाली म्हणाले, मग जलोदर म्हणाले. तालुक्याच्या डॉक्टरनं दोनदा पोटातून पाणी काढलं. "थोरलीच्या पोटात पाणी झालतं," एवढंच आमच्या घरात उरलं. मधली आत्या बावन्नाव्या वर्षी गेली. तिच्या छातीला फोड झाला होता आणि कुणीतरी पाला बांधून दिला होता. अंत्यविधीवरून आल्यावर आण्णा म्हणाले होते, "तिला त्या गावचं पाणी कधी मानवलंच न्हाई."

मॅडमनी हे सगळं ऐकून घेतलं. थोरलीच्या वर्तुळाच्या खाली त्यांनी लिहिलं, 'अंडाशय?' आणि मधलीचं वर्तुळ काळं केलं. आण्णांचा चौकोन काळा केला. अक्काचं वर्तुळ काळं होतंच. कागद आमच्याकडं फिरवला आणि त्या गप्प बसल्या. एका रांगेत दोन वर्तुळं, एक चौकोन, खाली एक वर्तुळ. शाळकरी पोरालाही दिसलं असतं.

आण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी घराणं म्हणजे हेळव्याच्या वहीत असतं ते. बहिणी लग्न होऊन गेल्या, आडनाव बदललं, मधलीचं तर पाळण्यातलं नावसुद्धा सासरी बदललं होतं. त्यांचे आजार त्यांच्या सासरचे झाले. तिकडच्या लोकांना तो आजार माहेरून आला असेल असं वाटायचं कारणच नव्हतं, आणि इकडं तो मोजलाच गेला नाही. मला तर वाटतं, बायकांचा आजार लपवायला याहून चांगली व्यवस्था ठरवून केली असती तरी जमली नसती.

निदान घरचे अडाणी होते असं म्हणता येतं. पण स्तनाचा कॅन्सर आईच्याच बाजूनं येतो, हा समज मला नंतर शिकल्यासवरल्यांतही भेटला. आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या फॅमिली डॉक्टरांना मी आत्यांचं सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो पण ते वडिलांकडचं ना." खरं असं आहे की ज्या दोन जनुकांवरून हे सगळं चालतं ती बाई-पुरुष बघत नाहीत. एक सतराव्या गुणसूत्रावर, दुसरं तेराव्या. ही दोन्ही गुणसूत्रं बापाकडून एक आणि आईकडून एक अशी प्रत्येकाला मिळतात. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, अंडाशय त्याला नसतंच. त्यामुळं बिघडलेलं जनुक पुरुषाच्या अंगात चाळीस-पन्नास वर्षं गुपचूप राहतं आणि तो खुशाल म्हणत राहतो, आमच्यात कुणाला नाही.

या जनुकांची नावं बीआरसीए वन आणि बीआरसीए टू. लोक विचारतात, "तुमच्यात ते जनुक आहे म्हणे?" जनुक सगळ्यांत असतं. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट सांधायचं काम ते करतं. प्रत्येकाकडं त्याच्या दोन प्रती असतात, म्हणजे औताला दोन बैल. आमच्यासारख्यांचा एक बैल जन्मापासून अधू. दुसरा चालतोय तोवर नांगरट चालते. एखाद्या पेशीत तोही बसला की तुटलेलं तसंच राहतं, चुका साठत जातात.

हे जनुक आहे हे कळायलाच किती वर्षं गेली. पॅरिसचे सर्जन पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये स्वतःच्या बायकोच्या घराण्यातल्या स्तनाच्या कॅन्सरची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद छापली होती. त्यानंतर अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग नावाच्या बाईंनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्राकडं बोट दाखवलं, तोवर बरेच शास्त्रज्ञ एवढा गुंतागुंतीचा रोग एका जनुकावरून येईल हे मानायलाच तयार नव्हते. जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९९४ मध्ये, दुसरं पुढच्या वर्षी. एका कंपनीनं त्यांची पेटंटं घेतली. निसर्गानं केलेल्या जनुकाचं पेटंट घेता येणार नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१३ च्या जूनमध्ये सांगितलं, आणि त्याच्या महिनाभर आधी अँजेलिना जोलीनं आपण दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर लिहिलं होतं. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी गेली होती. ती बातमी मराठी पेपरांतही आली. आम्ही वाचली आणि नटीचं काहीतरी म्हणून पान उलटलं. त्याच्या पुढच्याच वर्षी अक्काला गाठ सापडली.

पण या सगळ्यात माझ्या मनात घर करून बसली आहे ती एक शिवणकाम करणारी बाई. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या आनुवंशिक कॅन्सरची गोष्ट तिच्यापासून सुरू होते. १८९५ साल, मिशिगनमधलं ॲन आर्बर गाव. आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टकडं ती शिवायला यायची. एकदा फार उदास दिसली म्हणून त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माझ्या घरातले सगळे पोटाच्या नाहीतर बायकी अवयवांच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिननी तिच्या घराण्याचा तक्ता मांडला आणि १९१३ मध्ये छापला. पुढं नेब्रास्काच्या हेन्री लिंच यांनी तसलीच घराणी शोधत आयुष्य घालवलं, त्यांनाही सुरुवातीला कुणी दाद दिली नाही. आज त्या आजाराला लिंच यांचं नाव आहे.

शिवणाऱ्या बाईला माहीत होतं. डॉक्टरनं फक्त विचारलं, आणि विचारून झाल्यावर ऐकून घेतलं. माझ्या थोरल्या आत्यालाही काही माहीत असेल का? तिची आई, म्हणजे माझी आजी, चाळिशीच्या आत गेली होती. कशानं, ते कुणालाच सांगता येत नाही. मॅडमच्या कागदावर तिच्या वर्तुळात प्रश्नचिन्ह आहे.

अक्काचं रक्त घेतलं. टेस्ट आधी ज्याला आजार झालाय त्याची करायची असते हेही तेव्हा कळलं. बिघाड नेमका कुठं आहे ते एकदा सापडलं की बाकीच्यांचं तेवढंच एक ठिकाण तपासायचं, ते स्वस्तात होतं. महिन्याभरानं रिपोर्ट आला. बीआरसीए टू. या जनुकात बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण एकोणसत्तर जणींना ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो आणि सतरा जणींना अंडाशयाचा, असा एका मोठ्या अभ्यासाचा हिशेब मॅडमनी सांगितला. अंडाशयासाठी भरवशाची तपासणी नाही, सोनोग्राफी आणि रक्ताच्या टेस्टवर विसंबता येत नाही. म्हणून मुलंबाळं झाली की चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत अंडाशय आणि नळ्या काढून टाकतात. अक्का अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिनं काढून घेतले.

गाडीतून परत येताना ती बराच वेळ बोलली नाही. कराडच्या जवळपास आल्यावर म्हणाली, "आण्णांनी शेतात वाटणी दिली न्हाई. ह्यात मात्र दिली बग."

मी गाडी चालवत होतो ते बरं झालं. आण्णांच्या माघारी सातबारावर माझं एकट्याचं नाव लागावं म्हणून अक्कानं हक्कसोडपत्रावर सही केली होती. सगळ्याच बहिणी करतात, तशी. कायद्यानं तिचा निम्मा वाटा होता. मी साडी घेतली होती तिला.

प्रत्येक अपत्याच्या वेळी नवीन नाणं उडवावं तसं हे असतं. छापा पडला तर बिघडलेलं मिळतं, काटा पडला तर चांगलं. मागच्या मुलाला काय मिळालं याचा पुढच्याशी संबंध नाही. मी रक्त दिलं आणि मलाही छापा पडला. मला सातेक टक्के शक्यता स्तनाच्या कॅन्सरची, आणि प्रोस्टेटचा धोका नेहमीपेक्षा जास्त, तोही जरा आडदांड जातीचा. दर वर्षी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट, करतो. लॅबमधला पोरगा पहिल्या वर्षी म्हणाला, "काका, एवढ्या लवकर कशाला?" आता तो ओळखतो.

इथं एक सांगून ठेवतो, कारण अक्काचं ऐकून आमच्या कॉलनीतल्या चार जणींनी टेस्टचे दर काढले होते. स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी पाच ते दहाच असे घराण्यातून आलेले असतात. बाकीच्यांचं असं एक ठरावीक जनुक नसतं. ज्यांनी विचारायलाच हवं असे लोक ठरलेले आहेत. साधारण पन्नाशीच्या आत झालेला, दोन्ही बाजूंना झालेला, पुरुषाला झालेला, अंडाशयाचा तर कुठल्याही वयातला. अक्का २०१४ मध्ये नुसत्या वयावर त्यात बसत होती. आत्यांचा विषय निघाला नसता तरी. तेव्हा टेस्ट झाली असती तर वर्षाला एमआरआय झाला असता, कदाचित उजवी बाजू तिनं आधीच काढून घेतली असती, कदाचित नसतीही. हे 'कदाचित' घेऊन मी त्या पहिल्या सर्जनकडं एकदा गेलो होतो. भांडायला नव्हे, पण थोडं भांडायलाच. बाहेर पॅसेजमध्ये जमिनीवर बायका बसल्या होत्या. सर्जननी फाईल बघितली, स्वतःचं अक्षर बघितलं. म्हणाले, "मी आत्या विचारायला हवी होती." मग पुढच्या पेशंटला हाक मारली. मला त्याहून जास्त काही मिळेल असं वाटलं होतं का, ते आता आठवत नाही.

आणि टेस्ट म्हणजे लख्ख उजेड असंही नाही. क्लिनिकच्या बाकावर साताऱ्याकडची एक शिक्षिका भेटली. तिच्या रिपोर्टात एक बदल सापडला होता, पण तो वाईट की निरुपद्रवी हेच ठरत नव्हतं. त्याला अनिश्चित अर्थाचा बदल म्हणतात. आपल्याकडं असे निकाल जास्त येतात, कारण कुठला बदल किती वाईट हे ज्या माहितीवरून ठरवतात ती बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. अशा निकालावर काही काढायचं नाही, कापायचं नाही, थांबायचं. ती म्हणाली, "नापास केलं असतं तरी चाललं असतं, हे निकाल राखून ठेवल्यासारखं झालं."

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिला सगळं सांगितलंय. तिनं इंटरनेटवर माझ्यापेक्षा जास्त वाचलंय. असल्या बायकांना पंचविशीपासून एमआरआय सुरू करतात, म्हणून "पंचविसाव्या वाढदिवसाला करते, त्याआधी मला कुणी विचारायचं नाही," असं तिनं सांगून टाकलंय. बायको म्हणते, स्थळं बघायच्या आधी करून घेऊ. माझी मुलगी म्हणते, स्थळ बघताना मुलाची पण करा मग. या विषयावर आमच्या घरात जेवताना बोलायचं नाही असं ठरलंय आणि दर आठवड्याला ते मोडतं.

राहिले आत्यांच्या घरचे. मॅडमनी नातेवाइकांना द्यायला एक पत्र दिलं होतं. मराठीत, अर्ध्या पानाचं, कुणाचंही नाव नसलेलं. आमच्या कुटुंबात अमुक बदल सापडला आहे, तुम्हीही तपासून घेऊ शकता, एवढंच. धाकटी आत्या जतकडं असते. मी गेलो तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि शेंगा फोडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी थोरलीला करणी न्हवती." मग पुन्हा एकदा म्हणाली, "न्हवती करणी." रक्त द्यायला तिनं एका मिनिटात होकार दिला. तिचं जनुक चांगलं निघालं. तिच्या चार मुलींना आणि नऊ नातवंडांना त्या एका रिपोर्टनं मोकळं केलं. मी फोन करून सांगितलं तर ती रडली, आणि थोरलीचं नाव घेऊन रडली.

मधलीच्या घरी मात्र तसं झालं नाही. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, माझ्याच वयाचा. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलो. त्यानं पत्र घेतलं, वाचलं नाही. "घरात लग्नाच्या दोन पोरी हायत. तुझं हे गावात झालं तर?" मी म्हणालो, कुणाला कळणार नाही. तो म्हणाला, "तुला कळलंय न्हवं." याला उत्तर नव्हतं. त्याच्या मुलींना मी परस्पर सांगावं का, हे मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आधी त्यांच्या वडिलांमार्फत प्रयत्न करा, सोडू नका. मी दर दिवाळीला फोन करतो. तो फराळाचं विचारतो, मी पावसाचं विचारतो.

मध्यंतरी हेळवी आला होता. जुन्याचा नातू असावा, बैल गावाबाहेर टेम्पोपाशी बांधून आला होता. मी त्याला तिन्ही आत्यांची नावं आणि अक्काचं नाव वहीत लिहायला सांगितलं. पोरींची नावं घालत नाही म्हणाला. पाचशे रुपये ठेवले, मग घातली. कानडीत लिहितो, मला वाचता येत नाही. मी म्हणालो, वाचून दाखव. त्यानं म्हणून दाखवली, चौघींची, त्याच हेल काढलेल्या आवाजात.

गेल्या महिन्यात आतेभावाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. आम्ही सगळे गेलो, अक्काही आली होती, विग न घालता, स्वतःच्या पांढऱ्या केसांत गजरा माळून. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मांडवाच्या मागं आचाऱ्याच्या चुलीपाशी आतेभाऊ घाम पुसत उभा होता. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "ते पत्र कपाटात हाय. टाकलं न्हाई." मग आतून कुणीतरी हाक मारली, वऱ्हाडाचा चहा राहिला होता. जाता जाता वळून म्हणाला, "धाकटीचं ठरू दे एकदा."

धाकटी एकवीस वर्षांची आहे. तेव्हा ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या मुलीबरोबर आइस्क्रीम खात उभी होती.